आपल्यात कागद कशाला?

‘लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून’ ही म्हण आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लग्नाच्या बाबतीत मात्र एक बरं असतं. तिथे याद्या होतात. मानपान कोणाचं, जेवण कोणाकडे, कोणी काय द्यायचं, हे चार वडीलधाऱ्यांसमोर कागदावर उतरतं. आमच्याकडे निकाहनामा लिहिला जातो, मेहेरची रक्कम त्यात नोंदवली जाते, साक्षीदार सह्या करतात. दोन घरांचं नातं जोडतानासुद्धा कोणी म्हणत नाही की कागद कशाला. आणि घर बांधताना? जन्मभराची पुंजी पणाला लागलेली असते, वर बँकेचं कर्ज असतं, बायकोचे दागिने गहाण असतात; आणि आपण गुत्तेदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘अरे, आपल्यात कागद कशाला?’

हे वाक्य मीही एकदा म्हणालो आहे. त्याची किंमत मोजली आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

मी सेनगावचा. बी.ए. झालो आणि शाळेत लिपिक म्हणून लागलो. कविता लिहितो, तो भाग वेगळा. पण पोट भरलं ते दाखले, पावत्या आणि रजिस्टरं लिहून. २०११ साली मी घर बांधायला काढलं. मिस्त्री माझ्याच वर्गात शिकलेला, माझ्याच गल्लीतला. दर चौरस फुटाला अमुक मजुरी, चहाच्या हॉटेलात दोन मिनिटांत ठरलं. बोलणं संपलं, मी हजाराची उचल दिली आणि घरी येऊन पेढे वाटले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद लिहिले, त्यानं स्वतःच्या घरासाठी एक पान लिहिलं नाही.

पहिली ठिणगी पडली ती मोजमापावर. मी भिंतीच्या आतली जागा धरत होतो. तो स्लॅबची बाहेरून बाहेर मोजणी करत होता. जिना, समोरचा पोर्च, खिडक्यांवरचे छज्जे हे सगळं त्याच्या हिशेबात होतं, माझ्या हिशेबात नव्हतं. तो मला लुबाडत नव्हता. त्याच्या धंद्यात तशीच मोजणी चालते. मीही खोटं बोलत नव्हतो. आम्ही एकच शब्द वापरत होतो, ‘चौरस फूट’. पण त्याचा अर्थ दोघांच्या मनात वेगळा होता. कवितेत न लिहिलेली जागा वाचक आपल्या मनानं भरतो आणि त्यात आनंद असतो. व्यवहारात न लिहिलेली जागा दोन माणसं आपापल्या मनानं भरतात आणि त्यातून भांडण होतं.

आपल्या मराठवाड्यात ठेक्याला गुत्ता म्हणतात. हा शब्द तेलुगू-कानडीच्या शेजारातून आपल्याकडे आला. तेलुगूत गुत्त, कानडीत गुत्तिगे. शब्द एकच असला तरी गुत्त्याचे प्रकार तीन आहेत आणि आपण कोणता करतो आहोत हे आधी कळलं पाहिजे. पहिला मजुरीचा गुत्ता. यात सिमेंट, सळई, वाळू, विटा सगळं आपण आणायचं. मिस्त्रीनं माणसं लावून काम करायचं. मालावर आपली नजर राहते, पण माल संपला आणि मजूर बसून राहिले तर दोष आपला. दुसरा मालासकट गुत्ता. यात आपली धावपळ वाचते, पण कोणता माल, किती माल, हे लिहिलेलं नसेल तर जिथे दिसत नाही तिथे काटकसर होण्याची भीती असते. शिवाय मध्येच सिमेंट-सळईचे भाव चढले तर वाढीव पैसे कोणी सोसायचे, हा प्रश्न उभा राहतो. तिसरी रोजंदारी. छोट्या दुरुस्तीला ती ठीक. अख्खं घर रोजंदारीवर बांधायला घेतलं तर काम कधी संपेल हे सांगता येत नाही.

प्रकार ठरला की कागद घ्यावा. तो वकिली भाषेत असायची गरज नाही. आपल्याला आणि मिस्त्रीला दोघांनाही वाचून समजेल अशा मराठीत असावा. त्यात काय काय असावं?

सर्वांत आधी मोजणी. कशाची, कुठून कुठपर्यंत. जिना, पोर्च, छज्जा, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, शोषखड्डा, स्वयंपाकाचा ओटा, कंपाउंडची भिंत यातलं काय दरात धरलेलं आहे आणि कशाचे वेगळे पैसे आहेत, हे एकेक नाव घेऊन लिहावं.

दुसरी गोष्ट पाया. आपल्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्यावर घर उभं केलं तर भिंती तडकतात. म्हणून काळी माती ओलांडून खाली मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं. आता मुरूम चार फुटांवर लागेल की आठ, हे खोदल्याशिवाय कळत नाही. तेव्हा अमुक फुटांपर्यंतचं खोदकाम आणि काँक्रीट ठरलेल्या दरात, त्याखाली दर फुटाला इतके जादा, असं आधीच लिहून टाकावं. खड्ड्याच्या काठावर उभं राहून केलेला सौदा नेहमी महागात पडतो.

तिसरी गोष्ट माल आणि काम करायची पद्धत. सिमेंट कोणत्या दोन-तीन कंपन्यांपैकी, सळई कोणत्या प्रतीची, काँक्रीटचं प्रमाण काय, हे इंजिनियरच्या नकाशाबरोबर जोडावं. सळईचं वजन आपलं आपल्यालाही पडताळता येतं. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तिनंच गुणा आणि १६२ नं भागा. एक मीटर सळईचं वजन किलोत मिळतं. बारा मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ८९० ग्रॅम भरते. गाडी उतरवतानाच हा हिशेब करावा.

चौथी गोष्ट पाणी. उन्हाळ्यात सेनगाव तालुक्यातल्या गावांना टँकरची वाट पाहणं नवं नाही. घरात प्यायला पाणी नसताना स्लॅबवर कोण ओतणार? पण भारतीय मानक सांगतं की काँक्रीट साध्या सिमेंटचं असेल तर किमान सात दिवस, हवा कोरडी आणि उष्ण असेल तर किमान दहा दिवस ओलं राहिलं पाहिजे. आता सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला चौदा दिवसांची शिफारस आहे. तेव्हा पाणी कोणी आणायचं आणि स्लॅबवर कोणी मारायचं, हे लिहावं. तसंच सेंट्रिंगचं. मिस्त्रीला प्लेटा आणि टेकू दुसऱ्या कामावर न्यायची घाई असते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस काढू नयेत, असं मानक आहे. बीमखालचे टेकू त्याहून जास्त दिवस ठेवावे लागतात. हे दिवस कागदावर असले की वाद होत नाही.

पाचवी गोष्ट पैशाचे टप्पे. इथे आपल्याला सरकारी घरकुलाकडून शिकता येईल. घरकुलाचे पैसे एकदम मिळत नाहीत. काम अमुक टप्प्यावर आलं, फोटो काढला गेला, की पुढचा हप्ता. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यानंतर हजारो घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं, तेव्हाही घरमालकाला मदत टप्प्याटप्प्यानंच मिळाली आणि काम त्यानं स्वतः उभं राहून करून घेतलं. आपल्या घरालाही हेच सूत्र लावावं. जोतं, चौकटीवरची पट्टी म्हणजे लिंटल, स्लॅब, गिलावा, फरशी असे टप्पे पाडावेत. पैसा कामाच्या मागे चालावा, पुढे नाही. शेवटचा थोडा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा. गच्ची गळते की नाही ते पावसाशिवाय कोण सांगणार? मात्र ही राखीव रक्कमही आधी लिहिलेली हवी. काम संपल्यावर मिस्त्रीचे पैसे अडवून धरणं ही आपली लबाडी झाली.

सहावी गोष्ट मुदत. पेरणीत मजूर मिळत नाहीत, हळद काढण्या-शिजवण्याच्या दिवसांत मिळत नाहीत, ऊसतोडीला टोळ्या गेल्या की मिळत नाहीत. हे धरूनच तारीख ठरवावी. कोणत्या कारणानं मुदत वाढेल आणि कोणत्या कारणानं नाही, तेही लिहावं.

सातवी गोष्ट माणसांची. परातीवर गिलावा घेऊन वर चढणारा माणूस पडला तर? कामावरच्या मजुरांची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का, हे मिस्त्रीला विचारावं. अठरा ते साठ वयाच्या आणि वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या कामगाराला ती करता येते. नसेल तर करून घ्यायला मदत करावी. आपल्या घराच्या भिंतीत कोणाचं दुःख नको.

आता दुसऱ्या विषयाकडे येतो, निवडीकडे. फरशी कोणती, दार कोणतं, नळ कोणते, रंग कोणता. आपल्याला वाटतं, हे शेवटचं काम आहे, घर उभं राहिलं की निवांत बघू. इथेच मी दुसऱ्यांदा फसलो आणि यावेळी नुसते पैसे गेले नाहीत.

माझी अम्मी तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. तिचे गुडघे गेले होते. संडास उकिडवा बसायचा करायचा की कमोड, यावर घरात चर्चा चालली होती. अम्मी म्हणायची, ‘मला नवं काही नको.’ बायको म्हणायची, ‘कमोडच बसवा.’ मी म्हणालो, भांडं घेताना बघू. पण प्लंबर भांडं येईपर्यंत थांबत नसतो. त्यानं नेहमीच्या सवयीनं साध्या भांड्याचा पाइप टाकला, गिलावा झाला, टाइल्स बसल्या. वर्षभरात अम्मीला उठता-बसता येईना. मग टाइल्स फोडल्या, पाइप हलवला, कमोड बसवला. फोडाफोडीत कुठेतरी जोड कच्चा राहिला आणि ती भिंत कायमची ओल धरून बसली. ही फोडाफोड कोणाच्या खर्चानं, यावर मिस्त्रीचं आणि माझं शेवटचं भांडण झालं. तो म्हणाला, ‘तू सांगितलं नव्हतंस.’ मी म्हणालो, ‘तू विचारलं नव्हतंस.’ दोन्ही खरं होतं. त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकाच गल्लीत राहून एकमेकांशी बोललो नाही.

म्हणून निवडीचा क्रम दुकानातल्या वस्तूंप्रमाणे लावू नये, बांधकामाप्रमाणे लावावा. प्रत्येक निवडीची एक शेवटची तारीख असते आणि ती आपल्याला वाटते त्यापेक्षा फार लवकर येते.

खड्डे घेण्याआधी ठरवायचं ते असं : पुढे कधी वर मजला चढवायचा आहे का? असेल तर पाया आणि कॉलम आत्ताच त्या हिशेबानं हवेत. नंतर विचार बदलून उपयोग नाही. जिना कुठे, संडास-न्हाणी कुठे, शोषखड्डा बोअरपासून लांब कसा राहील, हेही आत्ताच. नगरपंचायतीची परवानगी या नकाशावर घ्यायची असते.

जोतं भरण्याआधी उंची ठरवावी. रस्ता दर काही वर्षांनी सिमेंटचा थर घेऊन वर येतो आणि आपलं घर खड्ड्यात जातं. हे गावोगाव दिसतं. तेव्हा आजच्या रस्त्यावरून नव्हे, वाढणाऱ्या रस्त्यावरून हिशेब करावा. न्हाणीची फरशी आतल्या खोलीपेक्षा किती खाली, सांडपाण्याचा उतार कुठे, हेही तेव्हाच.

लिंटलच्या आधी दारं-खिडक्यांची मापं पक्की हवीत. चौकट लाकडाची, लोखंडाची की ग्रॅनाइटची, यावर भिंतीतली फट किती सोडायची हे ठरतं. स्वयंपाकघराची खिडकी कुठे हवी हे घरातल्या बाईला विचारावं आणि ते आधी विचारावं. माझ्या घरात ती भिंत दोनदा पडली, कारण मी ओटा बांधून झाल्यावर विचारलं.

स्लॅबच्या आधी पंख्यांच्या जागा, विजेचे पाइप, गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याची वाट. गिलाव्याच्या आधी बटणं, नळ, सोलरचा पाइप, इन्व्हर्टरची वायर आणि हो, संडासाचं भांडं. भांडं प्रत्यक्ष घेऊन यायची गरज नाही. कोणतं घेणार ते ठरलं आणि त्याचं माप प्लंबरच्या हातात पडलं की पुरे.

फरशी आणि टाइल्स सगळ्या एकदम, एकाच लॉटच्या घ्याव्यात. डब्यावर शेडचा आणि बॅचचा नंबर असतो. नंतर कमी पडलेले दोन डबे वेगळ्या बॅचचे आले तर रंग जुळत नाही. कापाकापी आणि फुटतूट धरून थोड्या जास्त घ्याव्यात. उरलेल्या जपून ठेवाव्यात. भिंतींचा रंग तेवढा सगळ्यांत शेवटी. तो चुकला तरी पुढच्या दिवाळीला बदलता येतो.

या सगळ्या क्रमात एक गोष्ट लक्षात येईल. जे डोळ्यांना दिसतं ते बदलता येतं. जे दिसत नाही ते बदलता येत नाही. तेव्हा हात आखडायचा असेल तर दिसणाऱ्या गोष्टींवर आखडावा. किल्लारीच्या परिसरातल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाड होत्या, पण दगड मातीत रचलेले होते, आतून एकमेकांना बांधलेले नव्हते, आणि डोक्यावर माळवदाचं ओझं होतं. आपल्या हिंगोली जिल्ह्यातही २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. दोन्ही वेळा माणसं घराबाहेर पळाली. तेव्हा कोणी टाइल्सची डिझाइन आठवली नसेल. कॉलममधल्या रिंगांची टोकं आतल्या बाजूला नीट वळवली होती का, हे मात्र काहींना नक्की आठवलं असेल.

आणि तरीही मनं बदलतात. घर वर येताना पाहिलं की नवं सुचतं. त्यासाठी वीस रुपयांची एक वही साइटवर ठेवावी. काय बदलायचं, त्याला किती जादा लागेल, किती दिवस वाढतील, हे एका ओळीत लिहावं, दोघांनी सही करावी आणि मगच छन्नीला हात घालावा.

कायद्याचंही थोडं सांगतो. १८७२ च्या करार कायद्यानं तोंडी करारही करारच असतो; शब्दाला किंमत नाही असं नाही. पण तो सिद्ध कसा करणार? कागद मुद्रांकावर करायचा तर ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा लागतो. आपल्या रकमेला नेमका किती, हे वकिलाला विचारून घ्यावं. दोन प्रती, दोन साक्षीदार, आणि पैसे शक्यतो बँकेतून. पाच हजारांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावावं. वाद झालाच तर आधी दोघांना मान्य असलेला एखादा इंजिनियर निवाडा करील, असं लिहून ठेवावं. तेही नाही जमलं तर ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यात घरबांधणी ही सेवा मानली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण आपणच रोजंदारीवर माणसं लावली असतील, तर हा मार्ग अवघड होतो.

पण खरं सांगू? कागद कोर्टासाठी नसतोच. आमच्या कुराणातली सर्वांत लांब आयत नमाज-रोज्याबद्दलची नाही. ती मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, साक्षीदार ठेवावेत, आणि रक्कम लहान म्हणून लिहायचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. लहानपणापासून ती वाचत आलो, पण घर बांधताना आठवली नाही. माझा शेजारी व्यापारी दर दिवाळीला वहीची पूजा करतो. दोघांचं म्हणणं एकच आहे. लिहिण्यात अविश्वास नाही. माणसाच्या आठवणीवर फार भार टाकू नये, एवढंच.

अम्मी गेली तेव्हा दारात सगळ्यांत आधी तो मिस्त्रीच येऊन उभा राहिला. जनाज्याला त्यानं खांदा दिला. चाळिसावं झाल्यावर आम्ही त्याच हॉटेलात चहा प्यायलो. तेव्हा तो म्हणाला, ‘तुझ्या घरात मलाही पदरचे पैसे घालावे लागले होते. मजुरांना उचल दिली होती, ते पळून गेले. तुला कसं सांगणार?’ ही बाजू मला कधी दिसलीच नव्हती.

पुढे माझ्या धाकट्या भावानं घर बांधलं, तेव्हा गुत्ता त्यालाच दिला. मी चार पानांचा कागद लिहून नेला. त्यानं तो दोनदा वाचला, पायाच्या खोलीचं एक कलम स्वतः घालायला लावलं आणि सही करताना म्हणाला, ‘हा कागद तेव्हाच आणला असतास, तर तीन वर्षं वाचली असती.’

घराचे पैसे नंतर फिटले. ती तीन वर्षं मात्र गेली ती गेलीच. तेव्हा तुमचा मिस्त्री मित्र असेल, नातलग असेल, गल्लीतला असेल, तर त्याच्याशी कागद जरूर करा. परक्याशी भांडण झालं तर नुसते पैसे जातात.